गढी सोडून आलेल्या फादरना

फादर,

आम्ही अमेरिकेत कॅरीला आलो आणि वर्षभरातच माझ्या नवऱ्याचा लेऑफ झाला. माझा व्हिसा डिपेंडंट, त्यामुळे मला नोकरी करता येत नव्हती. घरात बसून आम्ही एकमेकांवर चिडायला लागलो, तेव्हा अपार्टमेंटपासून पायी जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, तुमचं चर्च. तळघरातल्या स्वयंपाकघरात तुम्ही शनिवारच्या अन्नदानासाठी बटाटे सोलत होतात. "मी हिंदू आहे, चालेल का?" मी विचारलं. तुम्ही दुसरी सुरी पुढे केलीत. पुढे एकदा रांगेतला एक माणूस पिऊन आला म्हणून मी हात आखडता घेतला, तर तुम्ही माझ्या हातातला डाव काढून घेतलात. "भुकेल्याची चौकशी करायची नाही. वाढायचं."

तुम्ही फ्रान्समधल्या उमराव घराण्यातले थोरले, हे मला कळलं तुमची पुतणी आली तेव्हा. दोन हजार पाचचा हिवाळा. तिचे वडील, म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, नुकतेच गेले होते. मी चहा करतेय, ती कोटही न काढता उभी आहे, आणि मला परकं वाटू नये म्हणून तुम्ही तिला इंग्रजीत बोलायला लावलंय.

"बाबांना मुलगा नाही. आता घराण्याचे काउंट तुम्हीच. गढी मला एकटीला सांभाळवत नाही. घरी चला, काका."

"पाद्री झालो तेव्हाच मी हक्क सोडला," तुम्ही म्हणालात. "विकून टाक."

"तुमचा आमच्यावर कधी जीवच नव्हता," असं म्हणून ती निघून गेली.

तुम्ही उरलेले बटाटे सोललेत. मग मला बसायला सांगून आईच्या खोलीची खिडकी, नदीवरचं धुकं, भिंतीलगतची नासपतीची झाडं, सगळं सांगितलंत. घर सोडलंत त्या सकाळी वडील फाटकापर्यंतही आले नव्हते, तेही.

"इतकं आवडत होतं, तर सोडलंत का?"

"नावडतं सोडायला देव कशाला लागतो?"

तुमचे डोळे वाहत होते आणि तुम्ही ते पुसत नव्हतात.

दोन हजार आठमध्ये तुम्ही गेलात. पुतणी आली होती. गढीचं तोवर हॉटेल झालं होतं. दफनानंतर ती पार्किंगमध्ये एकटीच उभी होती. मी जवळ गेले. "त्यांना कधी घर आठवायचं का?" तिने विचारलं. मी खिडकी सांगितली, धुकं सांगितलं, झाडं सांगितली. गाडीला टेकून ती खूप वेळ रडली.

तुम्ही ते मला एकटीला सांगितलं होतंत, हे मला ठाऊक होतं. आज इतक्या वर्षांनी हे तुम्हाला न येणाऱ्या भाषेत लिहितेय, आणि पाठवायला पत्ताही नाही. पण एक सांगून टाकते. "आणि तुझी आठवण तर ते नेहमी काढायचे," असंही मी तिला म्हटलं. ते तुम्ही कधीच बोलला नव्हतात, फादर. तेवढं माझ्या पदरचं.