उर्मट माणसाचे मीठ

आबा,

तुम्हाला जाऊन आज सोळा वर्षे झाली. कल्याणच्या कचेरीतून मी जरा लवकर घरी आलो आणि कुणाला काही न सांगता लिहायला बसलो. आता माणसे माझ्यापुढे हात जोडून उभी राहतात, मी कागद वाचतो आणि कुणाला सोडायचे, कुणाला शिक्षा द्यायची ते ठरवतो. तुमची आठवण येते ती अशा वेळी, घरातल्या श्राद्धाला येते त्याहून जास्त.

मी एकवीस वर्षांचा होतो. ठाण्याच्या खाडीवरच्या मिठाच्या नाक्यावर तुम्ही नाकेदार आणि मी तुमच्याच हाताखाली बिनपगारी उमेदवार. परवान्याशिवाय मिठागरातून ओंजळभर मीठ जरी बाहेर गेले तरी तो गुन्हा, आणि पकडलेल्याचा कागद तयार करणे हे माझे काम. एका सकाळी शिपायाने एका म्हातारीला आणले. तिच्या टोपलीत मासळीखाली मिठाचे गाठोडे होते. ती माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, "सोर रं बाला, घरा सून बालंतीन हाय." आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मी तिला गाठोड्यासकट सोडले आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही नुसते 'हं' म्हणालात.

चार दिवसांनी मिठागरातलाच एक तरणा गडी धरला गेला. मीठ तेवढेच. पण हा हात जोडीना. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "चोरी कंची? आमचेच हातानं पिकवलाय नं." शिपाई हसला, आणि मला वाटले, तो मलाच हसला. मी झरझर कागद लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्याच्या कोर्टात पाठवायचे होते.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे भाकऱ्या थापत आहात. आई गेल्यापासून स्वयंपाक तुमच्याकडेच होता. माझ्याकडे न बघता तुम्ही विचारता, "म्हातारीला का सोडलंस?"

"दया आली."

"मग ह्याची का नाही आली?"

"तो उर्मट आहे, आबा."

"उर्मटपणाला कुठलं कलम लावलंस?"

मी चिडलो. म्हणालो, "म्हणजे दया करणं चूक? म्हातारीलाही धरायला हवं होतं?" तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. मग म्हणालात, "नाही रे. दया नसती तर ती म्हातारी तुला दिसलीच नसती. नुसती अक्कल असती तर तू दोघांनाही धरलं असतंस आणि वर समाधानाने जेवला असतास. पण दया आपल्याला आवडेल त्याच्याकडे आपणहून जाते. आवडत नाही त्याच्याकडे तिला धरून न्यावं लागतं. ते काम विचाराचं. तू म्हातारीचा न्याय केला नाहीस, ह्याचाही केला नाहीस. एक आवडली, एक नावडला, एवढंच."

सकाळी तुम्ही मला मिठागरात घेऊन गेलात. त्या गड्याचे भाऊ आणि बाप गुडघ्याखालपर्यंत खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढत होते. त्यांच्या नडग्यांवरच्या भेगांत मीठ शिरून कातडी पांढरी पडली होती. तुम्ही त्यांच्याजवळ चिखलात उतरलात आणि माझ्याकडे पाहिलेत; मी मान हलवली. परत येऊन तुम्ही मी केलेला कागद फाडलात, त्या गड्याला जा म्हणालात, आणि दोघांनाही आपणच सोडले असे वरिष्ठांना स्वतःच्या सहीने लिहून कळवलेत. मी घाबरून म्हणालो, "हे कळवायची काय गरज होती?" तुम्ही म्हणालात, "लपवलं तर ते माझ्या मर्जीचं झालं असतं. मला ते बरोबर वाटतं, तर ते उघड्यावर टिकायला हवं."

ते टिकले नाही. महिन्याभरात तुमचा हुद्दा उतरला आणि दूरच्या एका ओसाड चौकीवर बदली झाली. तिथल्या दमट हवेत तुमचा दमा वाढला. मी वाट पाहत होतो, की कधीतरी तुम्ही म्हणाल, तुझ्यामुळे झालं हे. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट मला वकिलीच्या परीक्षेला बसवलेत, आणि निकाल कळला त्या दिवशी तुमचे एकुलते एक बरे उपरणे माझ्या खांद्यावर घातलेत.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या सकाळी मला तुमचे म्हणणे पटले नव्हते. तुम्ही त्या चिखलात उभे होतात आणि मला तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून मी मान हलवली. पटले ते फार पुढे, तुम्ही गेल्यावर. म्हणजे विचार करायला मी शिकलो, पण आधी तुमच्यावरच्या मायेने. बुद्धी आधी की भावना आधी, हे कुणी मला आज विचारले तर मला सांगता येणार नाही. मला फक्त तो क्रम आठवतो, आणि त्यात पहिले तुम्ही आहात.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, वाचून दाखवायलाही कुणी नाही. तरी कालची हकीकत लिहितो. खोटे हिशेब लिहिल्याच्या आरोपावरून एका सावकाराचा कारकून माझ्यापुढे होता, गोड बोलणारा, सारखा हसणारा. पाहताक्षणी माझे मत झाले, हा लबाड. मग मी कागद पुन्हा वाचले, साक्षीदार पुन्हा बोलावले. त्याच्याविरुद्ध काहीच नव्हते. मी त्याला सोडले. तो वाकून नमस्कार करून गेला.

मला तो माणूस अजूनही आवडत नाही, आबा.