ताईने सोडलेली चाचणी आणि माझं राहतं घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय संगीत नाटकातली नटी (आता निवृत्त), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. "गोंधळलेलं मन सुदृढ धरतात का?" असं मी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "धरावंच लागतं. नाहीतर कुणाचंच मृत्युपत्र व्हायचं नाही."

१. दुसऱ्या मजल्यावरचं माझं राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला द्यावं. का, ते सांगते. आमची आई थिएटरात नटांचे कपडे शिवायची. आम्ही दोघी तिच्या मशीनपाशीच वाढलो. गळा ताईचा, मी नुसती तिच्यामागून गुणगुणायची. मी सोळाची असताना नव्या नाटकाच्या नायिकेसाठी चाचणी होती. ताईने महिनाभर गाणं घोटलं आणि ऐन दाराशी म्हणाली, "माझा घसा बसलाय. तू जा."

"मी? मला काय येतंय?"

"सगळं येतं तुला. जा गं!"

गेले, तिचंच गाणं गायले आणि निवडले गेले. त्याच संध्याकाळी ताई भांडी घासताना गात होती. आवाज अगदी खणखणीत.

ती घाबरली होती, की तिने मुद्दाम मला पुढे ढकललं? विचारायचा धीर झाला नाही. पुढे माझी एकवीस नाटकं गाजली. प्रत्येकाची गाणी ताईनेच बसवून घेतली. टाळ्या पडल्या की मी विंगेत बघायची; ती वहीत डोकं घालून उभी असायची. अखेर गेल्या महिन्यात विचारलं. "आता नाही गं आठवत," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "तेव्हा विचारायचं होतंस." मग हे घर म्हणजे परतफेड, की माफी? वकीलसाहेब म्हणाले, "प्रेमापोटी" लिहा. तूर्त तेच लिहिते.

२. रंगभूषेची पेटी थिएटरातल्या रंगभूषाकाराला. आरसा तडकलेला आहे. तक्रार चालणार नाही.

३. पहिल्या नाटकाच्या दिग्दर्शकांना काही नाही. "दोघी सारख्याच, कुणीही चालली असती," असं ते चारचौघांत बोलले होते. ते खरं असेल तर मी कोण, आणि खोटं असेल तर ताईचं काय चुकलं, या विचाराने मी आजही चक्रावते. ते आता हयात नाहीत. तरीही काही नाही.

४. बँकेतली शिल्लक थिएटरात शिवणकाम करणाऱ्या बायकांना वाटावी. आईचं नाव लावू नये. तिला पुढेपुढे केलेलं खपायचं नाही.

५. ताई माझ्याआधी गेली तर घर कुणाला? इथे मला काहीच सुचत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हे कलम कोरं ठेवता येत नाही."

"मग लिहा, तिने आधी जायचं नाही."

ते हसले नाहीत. तसंच लिहून घेतलं.

सही: लिहून ठेवणार, धाकटी

साक्षीदार: १. डॉक्टर २. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी

(घर ताईला मिळायचं म्हणून तिची साक्ष चालत नाही. ती बाहेर जिन्यात बसली आहे.)

स्थळ: राहतं घर. दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा.