अण्णांचा घोडा, माझे आकडे

॥ श्री कुलदेवता प्रसन्न ॥

कळसाडी, ता. शहादा

तीर्थरूप भरतदादा यांस,

गोकुळचा नवापूरच्या दिशेने वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा, तुमची झोप आणि पोल्ट्रीच्या शेडमधली पिल्लं ठणठणीत असावीत, असं रोज दिवा लावताना मागतो. (पिल्लं शेवटी घेतली, राग नसावा.) तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम आहे, आवाजावरून तरी. फोन न करता पत्र लिहितोय, कारण या घरात फोनवर बोललेलं चारुलताला गच्चीवरही ऐकू जातं.

तर खापरचे वाहरूअण्णा त्यांच्या भाग्येशसाठी आपल्या चारुलताला मागायला आले. पोरांची पसंती आधीच झालेली, चहा झाला, आणि अण्णांनी पिशवीतून बुद्धिबळाचा पट काढला. त्यांचं म्हणणं, माणूस कुंडलीत दिसत नाही, पटावर दिसतो. "पाहुना, एक डाव व्हई जाऊ द्या." मला हत्ती आणि उंट यांतला फरक फक्त जत्रेत कळतो. मी पूजा आटोपली की पेपरातलं सुडोकू सोडवणारा माणूस. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत, लहान चौकोनात एक ते नऊ एकेकदाच. कुणी कुणाला मारत नाही. तसं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "ज्यामा कोनी हारत नही, त्याले खेळ कसा म्हनो?" सगळी बैठक हसली. दादा, मी शांत माणूस, पण नऊ आकड्यांचा अपमान मला नवग्रहांचा वाटला. दोन्ही खेळांचंही लग्न लावून दाखवतो, असं बोलून बसलो.

त्या दिवशीच्या पेपरातलं सुडोकू कागदावर उतरवलं आणि वर एक नियम चढवला: कोणत्याही आकड्यावरून घोडा अडीच घरं उडाला, तर समोर तोच आकडा भेटता कामा नये. अण्णा हरखले. कागद घडी करून खिशात घातला आणि निघताना म्हणाले, "हाई सुटनं का तारीख काढूत."

ते अजून सुटतंच आहे. त्यांच्या घरच्या कालीबाई फोनवर म्हणाल्या, "हाऊ माणूस भाकरवर बोटघाई घोडा कुदाडी ऱ्हायना!" (बोटाने, दादा.) चारुलता ताट वाढण्यापुरतं बोलते. काल तेवढं म्हणाली, "पप्पा, मन्हं लगन एक घोडावर अडकनं शे, नि तो घोडाबी तुम्हनाच."

मग मीच सोडवायला बसलो. जमेना. शेवटी रद्दीतून दुसऱ्या दिवशीचा अंक काढला, त्यातल्या छापील उत्तरावर घोडा फिरवला, तर पहिल्याच उडीत चारावरून चारावर! पेपरातल्या सुडोकूला उत्तर एकच असतं, आणि त्या एकाला माझा नियम चालत नाही. म्हणजे या कोड्याला जगात उत्तरच नाही. देवापुढे बसलो. (त्याच्याकडे न सुटणारी कोडी नेणारे कमी आहेत का, त्यात मी हे घरी तयार करून नेलं.) खरं सांगावं, तर लग्नाआधीच मुलीचा बाप बढाईखोर ठरतो. न सांगावं, तर लग्नच होत नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
गोकुळ

ता. क. – पत्राचं खरं कारण असं, की बाजाराच्या दिवशी तुमची गाडी पिल्लं घेऊन खापरला जाते. अण्णांना भेटा, कोडं बघायला मागा आणि कृपा करून ते कुठेतरी हरवून टाका.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो तोच अण्णांचा फोन. सुटलं म्हणतात! मागून कालीबाईंचा आवाज येत होता, "सुटनं म्हना, नुसतं सुटनं म्हना!" पुढच्या गुरुवारी साखरपुडा. चारुलताने चहा आणून दिला, साखर घालून. न सुटणारं कसं सुटलं, हे मी विचारलं नाही. पोरांसाठी एवढं खोटं बोलणारा व्याही मला नवस करूनही मिळाला नसता. फक्त ते तो कागद घेऊन येणार आहेत आणि चारचौघांत मी तपासावा म्हणतात. तेव्हा तुम्ही सकाळीच या, देवघरातला माझा चष्मा उचलून स्वतःच्या खिशात घाला. मी फार चिडून शोधेन. तरी देऊ नका.