सत्त्याण्णव पिनांचा ताळा

४ मार्च, मंगळवार

आकड्यांचे चाळीस लाख संच गेले. एकही चुकला नाही! साहेबांना सांगून टाकलं, गुरुवारी आरसा लावू.

पेटी माझी म्हणून नाही सांगत, पण काम चोख झालंय. दुर्बिणीतला तारा हवेमुळे थरथरतो. तो स्थिर दिसावा म्हणून आरशालाच क्षणोक्षणी वाकवायचं. आरशामागे सत्त्याण्णव पिना. कुठल्या पिनेला किती व्होल्ट, याचे सत्त्याण्णव आकडे संगणक सेकंदाला हजार वेळा पाठवतो, शेवटी त्यांचा ताळा. माझी पेटी तो स्वतः करून बघते. जुळला तर आकडे पिनांना, नाहीतर अख्खा संच कचऱ्यात. शिवाय आलेले आकडे पडताळायला संगणकाकडे परत पाठवते. सगळं जुळलं की हिरवा दिवा. आणखी काय हवं?

५ मार्च, बुधवार

काकूंना हवंय. आमच्याकडे आरसे त्याच बनवतात. कागदाहून पातळ, एकेक पिन भिंगाखाली स्वतः चिकटवलेली. चौदा महिने लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा आधीचा आरसा फाटला, गोंद कच्चा निघाला म्हणून. हाही फाटला तर साहेब त्यांचं काम दुसऱ्याला देणार. तसं तोंडावर सांगून झालंय.

म्हणून आज आरसा डब्यातून काढायलाच तयार नाहीत! "आधी तुझी पेटी बघू दे." तिच्यात काय बघायचंय? दोन वर्षं तीच आहे, झाकण तेवढं नवीन.

घरी येऊन नवऱ्यापाशी कुरकुर केली. म्हणतो, "माझी बाजू कधी एवढी घेतली होतीस का?"

६ मार्च, गुरुवार

काकू आल्या, चष्मा कपाळावर. पेटी चालू केली. हिरवा दिवा. काकूंनी मागे हात घातला आणि आरशाकडे जाणारी केबलच उपटली. साहेबांसमोर!

दिवा हिरवाच.

"आता आकडे कुठे चाललेत गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं. आकडे येऊन ज्या मेमरीत बसतात, तिथूनच मी ते परत वाचत होते. पिनेपर्यंत काय पोचलं, ते कधी तपासलंच नाही. शी! शिकाऊ पोरांना मी यावरून झापते.

असो. प्रत्येक पिनेच्या तोंडाशी व्होल्ट मोजायचे, तेच परत पाठवायचे. सोमवारपर्यंत होईल. मीच करणार, दुसरं कोण?

१० मार्च, सोमवार

झालं! आरशाऐवजी चाचणीची पट्टी लावून चालवलं आणि दिवा लाल. पिन ६१. पाठवले चाळीस व्होल्ट, पिनेवर तीनशे! ताळा बरोबर, मेमरी बरोबर. पिनेआधीची शेवटची चिप मधूनच अडकते. चिप बदलली. मग दिवसभर हिरवा, आणि आता त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. काकूंनी मानेनेच बरं म्हटलं. जिंकले!

११ मार्च, मंगळवार

कपाटातून तो जुना, फाटलेला आरसा काढला. भिंगाखाली धरला. चीर ६१ पासून सुरू होते. गोंद सगळीकडे घट्ट आहे.



१२ मार्च, बुधवार

साहेबांच्या आधी काकूंना सांगितलं. गोंद नव्हता, माझी पेटी होती.

त्या भिंग पुसत होत्या. "मला माहीत होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले होते गं. तू दिवा दाखवलास."