वीतभर फरक

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा हा राग उशिराचा आहे. पण त्याचं कारण मला या हिवाळ्यातच कळलं.

मला नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होता. गुरुग्रामच्या नव्या मेट्रोचे रूळ टाकायचं काम मिळालंय, मी म्हणाले. तुम्ही पेढा हातात घेतलात आणि विचारलंत, "गेज कोणता?" मी म्हणाले, "स्टँडर्ड. चौदाशे पस्तीस." दिल्लीहून गुरुग्रामला येणारी मेट्रो ब्रॉडगेजवर धावते, आपल्या रेल्वेसारखी, दोन रुळांत सोळाशे शहात्तर मिलिमीटर. माझी लाइन वीतभर अरुंद; दोन्ही सिकंदरपूर स्टेशनात भेटतात, तिथं गाडी बदलायची. तुम्ही पेढा खोक्यात परत ठेवलात. "म्हणजे सिकंदरपूरला माणसं उतरवणार तू." आई कणीक मळत होती. "अहो, पोरीला नोकरी लागलीय, रूळ काय मोजत बसलाय?" तुम्ही लसूण सोलायला लागलात.

तुमची सगळी नोकरी मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकण्यात गेली. आम्हाला जगाचा भूगोलही तुम्ही याच मापानं शिकवलात. जेवणं झाली की लाटणं आणि उलथनं फरशीवर समांतर ठेवायचात. हा रशिया, पंधराशे वीस. हा आयर्लंड, सोळाशे. हा स्पेन, शेजारच्या फ्रान्सपेक्षा रुंद. ऑस्ट्रेलियात एकाच देशात तीन मापं, कारण प्रत्येक प्रांताचा इंजिनियर हट्टी. रशियाच्या मापाच्या हद्दीवर म्हणे अख्खे डबे जॅकनं उचलतात आणि खालची चाकं बदलतात, प्रवासी आत चहा पीत बसलेले. मी विचारलं होतं, आणि जिथं चाकं बदलत नाहीत तिथं? तुम्ही लाटणं उचलून आईला दिलंत. "तिथं माल बदलतात."

माझी लाइन सुरू झाली. तुम्ही तिच्यात कधी बसला नाहीत. दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीखालच्या आपल्या घरून तुम्ही मेट्रोनं सिकंदरपूरपर्यंत यायचात, कारण ती ब्रॉडगेज. तिथून माझी गाडी तुम्हाला जवळजवळ माझ्या सोसायटीच्या फाटकाशी सोडते. तुम्ही मे महिन्यातही खाली उतरून शेअर ऑटो धरायचात. दारात उभे आहात, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी पाणी देत म्हणते आहे, बाबा, तुमच्या वयाला हे शोभतं का? "मी गाडी बदलत नाही," तुम्ही म्हणता. मी वाद घालायचे. अरुंद रुळांवर तीव्र वळणं घेता येतात, जगभरात डबे तयार मिळतात, मेट्रोला मालगाडीशी काय करायचंय? तुम्ही पुन्हा स्पेन काढायचात. मला वाटायचं, या माणसाला मुलीपेक्षा माप प्यारं आहे. तुम्ही जाईपर्यंत मला तसंच वाटत होतं. नंतरही.

या जानेवारीत आत्या मनमाडहून आली. नवी दिल्लीवरून मी तिला मेट्रोनं आणलं. सिकंदरपूरला म्हणाले, आत्या, उतरायचं, दुसरी गाडी. ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली आणि हसली. "हितं बी बदली? आगं, आपल्या मनमाडावानीच की."

"म्हणजे?"

"छोटी लाइन, मोठी लाइन. तुझा आजा जल्मभर त्याच्यातच मेला की. छोट्या गाडीतली पोती काढायची, मोठीत टाकायची. शिमिटाची, साखरेची. हमाल व्हता आमचा बाप. खोकून खोकून गेला. तुझा बाप बी सुट्टीत वाहायचा पोती. तुला न्हाई सांगितलं?"

नाही सांगितलं. तुम्ही म्हणायचात, आजोबा रेल्वेत होते. मी आयुष्यभर डोळ्यांसमोर एक शिट्टीवाला गार्ड आणला.

बाबा, ऑफिसात तुम्हाला हे गिळावं लागलं असेल. तिथं लोक कामाआधी आडनाव विचारतात, हे मलाही माहीत आहे. पण घरात कोणापासून लपवत होता? जयंतीच्या कार्यक्रमात माइक धरून तुम्हीच सांगायचात ना, बाप काय काम करत होता हे सांगायला लाजू नका? मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आहेत. मला तुम्ही आजोबा दिले नाहीत, स्पेन दिलात. दोन मापं जिथं भेटतात तिथं कुणाची तरी पाठ मोडते, हे एक वाक्य तुमच्यापाशी होतं. ते ऐकून मी नोकरी सोडली नसती. मी म्हणाले असते, माझ्या लाइनीवर कुणी कुणाचं पोतं वाहत नाही, माणूस आपल्या पायांनी चालत पलीकडे जातो. त्यावर तुम्ही काहीतरी बोलला असता. ते काय असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. आपल्याला नीट भांडता आलं असतं. तुम्ही तेवढंही ठेवलं नाहीत.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. तिला हमालीचं माहीत होतं का, हे विचारायचं धैर्य माझ्यात नाही.

एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी आत्या माझ्या गाडीत बसली, काचेतून बाहेरचे टॉवर बघितले, आणि म्हणाली, "हे तू केलंस व्हय? दादानं बघितलं?" मी म्हणाले, हो. पहिल्याच दिवशी आले होते. बसायला जागा होती, तरी शेवटच्या स्टेशनपर्यंत उभेच राहिले.