मातीची कबर मातीचीच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
दफनभूमी विभाग, नगर प्रशासन,
जर्मनी.

अर्जदार: नईमा नियाज मन्सुरी, मूळ राहणार मूर्तिजापूर, जि. अकोला, हल्ली मुक्काम मुलाकडे, आपल्याच शहरात.

विषय: पतीची कबर बेवारस न ठरवणे व सपाट न करणेबाबत.
संदर्भ: कबरीवरील लाकडी पाटीला आपण चिकटवलेली पिवळी चिठ्ठी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सादर करते की, तिने उभी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. अर्ज कसा लिहावा आणि तो कसा दाबून ठेवतात, दोन्ही तिला ठाऊक आहे. भाषांतर मुलगा इमरान करील. त्यात त्याने पदरची गोडी मिसळू नये, अशी ताकीद त्याला दिलेली आहे.

१. अर्जदाराचे पती मरहूम नियाज यांचे मूर्तिजापुरात गाद्या भरायचे दुकान होते. मुलाकडे म्हणून आले आणि गेल्या हिवाळ्यात इथेच अल्लाला प्यारे झाले. घरात बोलणे उर्दूत, पण जिवाचे काही सांगायचे तर माणूस वऱ्हाडीवर यायचा. दवाखान्यात शेवटी म्हणाले, "जलमभर लोकाइच्या गाद्या भरल्या मी. माह्या अंगावर फरशी नको टाकू, नईमा. माती राहू दे."

२. त्याप्रमाणे कबर कच्ची ठेवली. अर्जदाराच्या मुलखात अशा कबरीवर सब्जा पेरतात. तुळशीसारखे वासाचे रोप असते. तिने अकोल्याहून बी मागवून पेरले. वीतभर रोपे आली आणि आपल्या माळ्याने ती तण समजून उपटली. मागाहून आपलेच दुसरे कर्मचारी आले आणि कबर ओसाड दिसते, तिला कोणी वाली नाही, अशी चिठ्ठी चिकटवून गेले. वा रे न्याय! तिने पुन्हा पेरले. पुन्हा उपटले.

३. चौकशीअंती कळवण्यात आले की, दगडी कड व मंजूर यादीतली फुले महिनाअखेर न लावल्यास कबर सपाट होईल. सब्जा यादीत नाही. यादीत घेणे दुसऱ्या विभागाकडे. तो विभाग म्हणतो, आधी रोप कबरीवर उभे असल्याचा फोटो आणा. रोपाचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

४. इमरान म्हणतो, अम्मी, दोन कुंड्या ठेवू आणि मिटवून टाकू. त्याला इथे संसार करायचा आहे, त्याची धास्ती अर्जदाराला कळते. पण ज्या माणसाने जाताना एवढे एकच मागितले, त्याचा शब्द ती मोडणार नाही. आपण बेवारस म्हटल्याचा तिला फार राग आलेला आहे. दर जुम्म्याला ती तिथे बसून असते. आपल्या माणसांनी तिला पाहिलेले आहे.

सबब, दगड बसणार नाही आणि सब्जा पेरला जाईल. तरीही सपाट करायचेच असेल तर आपण स्वतः जुम्म्याच्या दिवशी यावे. अर्जदार जागेवर हजर राहील आणि उठणार नाही.

५. शेजारची जागा मोकळी आहे. ती अर्जदारासाठी राखून ठेवावी व तिच्यावरही मातीच असावी. त्या वेळी भांडायला अर्जदार नसेल आणि इमरान कुंड्या ठेवून मोकळा होईल. म्हणून आजच लेखी कळवून ठेवत आहे. पोच द्यावी.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
नईमा नियाज मन्सुरी
दि. ५ जुलै २०२४, जुम्मा

सोबत:
१) पिवळ्या चिठ्ठीची छायाप्रत.
२) सब्जाच्या बियांची पुडी. माळ्याने आपल्या दारात पेरून ओळख करून घ्यावी.