भट्टीच्या तोंडाच्या दोन विटा

प्रिय चिमे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, रागावू नकोस. चारदा लिहायला बसलो आणि चारदा फाडलं. आई म्हणाली, परीक्षेचा पेपर आहे का हा, पोरगी नापास करणार आहे तुम्हाला?

तिचा गुडघा बरा आहे. जिन्यातला दिवा लागत नाही, ते मी बघतो. तुझ्या प्रयोगशाळेला खिडक्या नाहीत म्हणालीस, मग हवा कुठून येते? वेळेवर जेवत जा.

तुझं काम मला कळलं ते एवढंच: वीट भाजून गार होताना चुंबकाची उत्तर दिशा तेव्हा कुठे होती ते धरून ठेवते, आणि ही उत्तर शतकागणिक सरकत असते. म्हणून वीट जागची उचलण्याआधी तिच्यावर आजच्या उत्तरेच्या बाणाची खूण करायची. सातवी शिकलेल्या गवंड्याला एवढं पुष्कळ झालं. चाळीस वर्षं विटा रचल्या, पण वीट काही लक्षात ठेवते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खोदून काढलेल्या त्या जुन्या भट्टीवर माती झाडायला मला नेलंस, ते दिवस फार चांगले गेले. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, बाबांचा हात बघा, एक खडा हलला नाही. तुझा तो दाढीवाला सोबती म्हणाला, काका, इथेच नोकरी धरा. हे घरी इतक्यांदा सांगितलं की आईने हात जोडले.

आता तू लिहितेस, आठ विटा एक दिशा दाखवतात आणि तोंडाजवळच्या दोन वेगळीच. म्हणजे त्या दोन शंभर वर्षांनी दुरुस्तीत बसवल्या, भट्टी तेवढी जास्त चालली. लेख महिनाअखेर छापायला जाणार, सरांनी पाठ थोपटली.

चिमे, फोनवर हे माझ्याने बोलवलं नसतं. तुम्ही खुणा करायला येण्याआधी, सकाळी झाडताना त्यातली एक वीट सुटली, दुसरी हलत होती. दोन्ही तिरक्या होत्या. मला वाकडं बघवत नाही, तुला ठाऊक आहे. रांगेत सरळ बसवल्या, सांधे ओल्या मातीने भरून पुसून घेतले. मग तू कौतुक केलंस आणि माझी जीभ रेटली नाही. ती शंभर वर्षांनंतरची दुरुस्ती माझी आहे. लेख थांबव. सरांना माझं नाव सांग, काय बोलायचं ते मला बोलू देत. पण तू किती रागावलीस ते दोन ओळींत का होईना, लगेच कळव. पोस्टमन अकराला येतो, मी दारातच बसलेला असतो.

तुझाच,
बाबा